आई-बाबांची खोली आणि तीन फुटांचा प्रश्न : न्यू जर्सीत घर वाढवताना लागणारा सेटबॅक व्हेरियन्स

आई-बाबा आता वर्षातले पाच-सहा महिने इकडे राहणार, वरच्या बेडरूमचा जिना त्यांना झेपत नाही, तेव्हा खालीच मागच्या अंगाला एक खोली आणि बाथरूम काढू. एडिसन, पिस्कॅटवे, साउथ ब्रुन्सविक या पट्ट्यातल्या कितीतरी मराठी घरांत हा बेत कधी ना कधी शिजतो. काँट्रॅक्टर येऊन माप घेतो, आकडा सांगतो, बँकेशी बोलणं होतं. मग टाऊनशिपच्या झोनिंग ऑफिसातून पत्र येतं : अर्ज नामंजूर, बाजूचा सेटबॅक (हद्दीलगत सोडायची मोकळी जागा) कमी पडतो, व्हेरियन्स घ्यावा लागेल.

पत्र आलं म्हणजे बेत बुडाला असं नाही. बांधकामाच्या नियमांतून एखाद्या लॉटपुरती सवलत देण्याची सोय कायद्यातच आहे, आणि व्हेरियन्स म्हणजे तीच सवलत. ती मागायला जाणारी मंडळी मात्र बहुतेक वेळा भलतीच कैफियत घेऊन जातात : आईचे गुडघे, बाबांची बायपास, मुलांना लागणारी वेगळी खोली. याचा निर्णय देणाऱ्या झोनिंग बोर्डावर बसलेल्या माणसांनाही आई-बाप असतात, त्यांना हे सगळं कळतं. पण कायद्याने त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न निराळा आहे. या जमिनीत असं काय आहे, की जो नियम शेजारच्या चार घरांना सहज पाळता येतो तो इथे पाळता येत नाही? सगळा अर्ज या एका प्रश्नावर तरतो किंवा बुडतो. म्हणून नकाशा काढायला देण्याआधीच तो समजून घेतलेला बरा.

मोकळी जागा कशासाठी सोडायची

लॉटच्या हद्दीपासून घराच्या भिंतीपर्यंत जी जागा मोकळी ठेवावी लागते, तो सेटबॅक. पुढचा, मागचा आणि बाजूंचा सेटबॅक वेगवेगळा असतो. पुण्या-नाशकात बंगल्याच्या मंजूर नकाशावर जे मार्जिन दाखवतात, तेच हे. दोन घरांमध्ये उजेड आणि हवा खेळावी, एका घराची आग दुसऱ्याला लागू नये, पावसाचं पाणी मुरायला माती उरावी, शेजाऱ्याच्या खिडकीत आपली खिडकी उघडू नये, अशी त्यामागची कारणं आहेत.

अमेरिकेत या नियमांना शंभरेक वर्षं झाली. १९१५ साली न्यू यॉर्कमध्ये ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग पुरी झाली. फुटपाथच्या कडेपासून सरळ वर चढलेल्या त्या अवाढव्य इमारतीने आजूबाजूचा उजेड अडवला, ओरड झाली, आणि १९१६ मध्ये शहराने झोनिंगचे, म्हणजे कुठल्या भागात काय आणि कसं बांधायचं याचे, सर्वंकष नियम केले. पुढे १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे नियम करण्याचा गावांचा अधिकार मान्य केला. त्याच सुमारास फेडरल सरकारच्या वाणिज्य खात्याने राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार केला होता, आणि अपवाद तपासणारं बोर्ड त्यात सुरुवातीपासूनच होतं. नियम लिहिताना डोळ्यांसमोर सरळ चौकोनी लॉट असतो. प्रत्यक्षात लॉट तिरके निघतात, अरुंद निघतात, एखाद्याच्या मधूनच ओढा वाहतो. अशा जमिनीवर नियम जसाच्या तसा लावला तर मालकावर अन्याय होतो, हे झोनिंगच्या पहिल्या पिढीलाच कळलं होतं.

न्यू जर्सीत या साऱ्याचा पाया म्हणजे १९७५ चा म्युनिसिपल लँड यूज लॉ. राज्यात ५६४ नगरपालिका आहेत : कुणी टाऊनशिप, कुणी बरो, कुणी सिटी. प्रत्येकीची झोनिंग ऑर्डिनन्स, म्हणजे स्थानिक नियमावली, वेगळी आणि एकाच गावात झोनप्रमाणे आकडेही वेगळे. त्यामुळे मित्राला त्याच्या गावात पाच फुटांवर भिंत घेऊ दिली, या माहितीचा तुम्हाला काही उपयोग नाही. सवलत द्यायची की नाही याच्या कसोट्या मात्र राज्यभर त्याच आहेत.

एक लॉट घेऊन बघू

समजा, १९५०च्या दशकातलं केप कॉड पद्धतीचं, उतरत्या छपराचं छोटं घर आहे. लॉट ५० फूट रुंद आणि १५० फूट खोल. आजच्या ऑर्डिनन्सप्रमाणे त्या झोनमध्ये लॉटची रुंदी किमान ७५ फूट हवी आणि बाजूचा सेटबॅक १० फूट. घर बांधलं तेव्हा हा नियम नव्हता, म्हणून डावी भिंत हद्दीपासून ७ फुटांवर उभी आहे. नियमाच्या आधीची, त्यामुळे कायदेशीर. तुम्हाला तीच भिंत सरळ रेषेत मागे १६ फूट न्यायची आहे.

इथे पहिला गैरसमज होतो. भिंत आहे त्याच रेषेत जाते, मी शेजाऱ्याच्या एक इंचही जवळ सरकत नाही, मग व्हेरियन्स कशाला? तर जुन्या भिंतीला मिळालेलं संरक्षण जुन्या भिंतीपुरतंच असतं. नव्या १६ फुटांना आजचा १० फुटांचा नियम लागतो. तीच भिंत मागे न नेता वर चढवून दुसरा मजला घेतला, तरी साधारणपणे हाच पेच पडतो.

म्हणजे तुमची मागणी आहे १६ फूट लांबीवर ३ फुटांची, एकूण ४८ चौरस फुटांची. हा आकडा अर्जात आणि बोलण्यात ठळक ठेवा. 'घर वाढवायचंय' असं मोघम सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे केवढं तरी मोठं बांधकाम उभं राहतं.

यात खरी सावधगिरी लागते ती मोजमापाला. हद्द कुठे आहे हे कुंपणावरून कधीही ठरवू नका. कुंपण पूर्वीच्या मालकाने आपल्या सोयीने फूटभर आत घातलेलं असू शकतं, किंवा चक्क शेजाऱ्याच्या जागेत. घर घेताना मिळालेला सर्व्हे काढा. तो जुना असेल किंवा त्यानंतर डेक, शेड, पॅटिओ काही झालं असेल, तर परवानाधारक लँड सर्व्हेयरकडून नवा करून घ्या. मग ऑर्डिनन्समधल्या व्याख्या वाचा, आणि मनापासून वाचा. सेटबॅक भिंतीपासून मोजायचा की छपराच्या पुढे आलेल्या पाख्यापासून? मागच्या दाराच्या पायऱ्या त्यात धरायच्या का? एसीचं बाहेरचं युनिट कुठे बसणार? कोपऱ्यावरचा लॉट असेल तर दोन्ही रस्त्यांच्या बाजू 'पुढच्या' धरल्या जातात, आणि ज्याला तुम्ही बाजूचं अंगण समजत होता तिथे एकदम मोठा सेटबॅक लागू होतो.

शिवाय खोली वाढली की लॉटवरचं एकूण आच्छादन वाढतं. घर, ड्राइव्हवे, पॅटिओ, शेड मिळून लॉटचा किती टक्के भाग झाकायचा यालाही मर्यादा असते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या घरांत ती आधीच काठावर आलेली असते. जेवढ्या बाबतींत नियम मोडतोय तेवढ्या सगळ्या एकाच अर्जात मागाव्या लागतात. एखादी राहून गेली आणि ती सुनावणीच्या दिवशी उघडी पडली, तर पुन्हा सूचना काढून पुढची तारीख घ्यावी लागण्याची वेळ येते.

अडचण जमिनीची हवी

लँड यूज लॉच्या ७० व्या कलमात अशा सवलतीचे दोन रस्ते आहेत. आर्किटेक्ट आणि वकील त्यांना 'सी-वन' आणि 'सी-टू' म्हणतात, आणि सुनावणीत हे शब्द सारखे कानावर पडतात.

सी-वन हा अडचणीचा रस्ता. लॉट असाधारण अरुंद आहे, उथळ आहे, आकार विचित्र आहे, जमिनीला उतार आहे, किंवा त्या जागेवर कायदेशीरपणे उभ्या असलेल्या बांधकामाचीच अशी काही स्थिती आहे की नियम काटेकोरपणे पाळला तर मालकाला गैरवाजवी त्रास होतो, हे दाखवायचं. वरच्या उदाहरणात ही बाजू भक्कम आहे. लॉट ७५ च्या जागी ५० फुटांचा आहे, आणि घर आधीच ७ फुटांवर आहे. दोन्ही गोष्टी तुम्ही केलेल्या नाहीत.

'त्रास' म्हणजे किती? अनेकांना वाटतं, जमीन अगदीच निरुपयोगी होत असेल तरच व्हेरियन्स मिळतो. तसं नाही. नॉर्थ काल्डवेल इथल्या लँग खटल्यात १९९९ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. तिथे एका अरुंद लॉटवर जमिनीतला स्विमिंग पूल बांधायला बोर्डाने परवानगी दिली होती आणि शेजारी कोर्टात गेले होते. कोर्टाने बोर्डाचा निर्णय कायम ठेवला. व्हेरियन्स नाही दिला तर जमीन मातीमोल होईल असं सिद्ध करायची गरज नाही. जमिनीच्या त्या वेगळेपणामुळेच नियम पाळता येत नाही, एवढं दिसलं पाहिजे. पूलसारख्या हौसेच्या गोष्टीलाही हा रस्ता बंद नाही, ही त्या निकालातली माझ्या मते सर्वांत दिलासा देणारी गोष्ट.

पण त्याच विचाराची दुसरी धार अशी, की मालकाची वैयक्तिक किंवा आर्थिक अडचण सी-वनमध्ये धरली जात नाही. वरच्या मजल्यावर खोली काढायला दुप्पट खर्च येतो, हे कारण चालत नाही. आई-बाबांचं वय चालत नाही. त्याचं कारणही पटण्यासारखं आहे : व्हेरियन्स माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळतो. उद्या तुम्ही घर विकलंत तरी ती ७ फुटांवरची भिंत तिथेच राहणार, आणि शेजाऱ्याला पुढची पन्नास वर्षं तिच्याशेजारी राहायचंय. मग ती परवानगी आजच्या मालकाच्या गुडघ्यांवर कशी ठरवणार?

अडचण स्वतःच ओढवून घेतलेली असेल तरी दार बंद होतं. तुम्ही किंवा आधीच्या मालकाने मोठ्या लॉटचा तुकडा विकला आणि त्यामुळे उरलेला लॉट अरुंद झाला असेल, तर तो अरुंदपणा पुढे करता येत नाही.

सी-टू हा फायद्याचा रस्ता. नियमातून सूट दिल्याने लँड यूज लॉचाच एखादा हेतू अधिक चांगला साधत असेल, आणि होणारा फायदा तोट्यापेक्षा बराच मोठा असेल, तर अडचण सिद्ध न करताही सवलत मिळते. मात्र हा फायदा एकट्या मालकाचा असून भागत नाही. १९८८ च्या कॉफमन खटल्यात कोर्टाने म्हटलं, की त्या जागेसाठी हा आराखडा नियोजनाच्या दृष्टीने अधिक चांगला ठरला पाहिजे आणि समाजाला त्याचा उपयोग झाला पाहिजे. आपल्या उदाहरणात सी-टू असा मांडता येईल : नियम पाळून खोली उजवीकडे सरकवली तर तिथलं मोठं जुनं ओकचं झाड जातं, ड्राइव्हवे अरुंद होऊन गाड्या रस्त्यावर लागतात, डावीकडे घेतली तर झाड राहतं आणि रस्त्यावरून घराचं रूपही बदलत नाही. नुसत्या भावनेपेक्षा असं एक झाड जास्त काम करतं.

रस्ता कुठलाही धरा, शेवटी एक अट दोघांनाही आहे. सवलतीमुळे सार्वजनिक हिताला ठळक बाधा येता कामा नये आणि गावाच्या झोनिंग योजनेचा मूळ हेतू मोडता कामा नये. शेजाऱ्याच्या घरावर पडणारी सावली, पाण्याचा निचरा, खिडक्या, आवाज हे सगळं इथे येतं.

आई किंवा बाबा व्हीलचेअरवर असतील, तर मात्र गोष्ट थोडी बदलते. अपंग व्यक्तीला घर वापरता यावं म्हणून नियमांत वाजवी सोय करून देण्याची जबाबदारी फेडरल फेअर हाउसिंग कायद्याने, १९८८ च्या दुरुस्तीपासून, गावांवरही टाकली आहे. रॅम्प, रुंद दार, तळमजल्यावरचं बाथरूम यांसाठी ही मागणी लेखी आणि स्वतंत्रपणे करावी लागते. ती व्हेरियन्सच्या अर्जात ओघाओघाने घुसडू नका. या विषयातल्या वकिलाला आधी विचारा.

दुसरा ओटा

आता आपल्या घरांत हमखास निघणारा मुद्दा. आईला सकाळी पाचला उठून चहा लागतो, तिचं सोवळं-ओवळं असतं, म्हणून त्या खोलीला लागूनच एक छोटा ओटा, सिंक आणि गॅस काढू. कल्पना प्रेमाची आहे, पण झोनिंगच्या दृष्टीने तिने सगळं चित्र पालटतं. स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र बाथरूम आणि बाहेरून स्वतंत्र दार एकत्र आलं की ऑफिसला त्यात दुसरं बिऱ्हाड दिसतं. एकाच कुटुंबाच्या घरांसाठी असलेल्या झोनमध्ये दोन बिऱ्हाडांचं घर म्हणजे वापरातच बदल. त्याला 'डी' प्रकारचा व्हेरियन्स लागतो. सेटबॅकच्या सवलतीला हजर सदस्यांचं बहुमत पुरतं. डी व्हेरियन्सला सात जणांच्या बोर्डावर किमान पाच होकार लागतात, आणि पुरावाही कितीतरी कडक. एखादा झोन फ्लोअर एरिया रेशो (लॉटच्या मानाने घराच्या एकूण क्षेत्रफळाची मर्यादा) लावत असेल आणि तुमची खोली तो ओलांडत असेल, तरी प्रकरण याच डी गटात जातं.

काही गावांच्या ऑर्डिनन्समध्ये आई-वडिलांच्या अशा सोयीसाठी वेगळी तरतूद आहे. इथले लोक त्याला मदर-डॉटर घर म्हणतात. आतून जोडलेली खोली हवी, वेगळा मीटर नको, भाड्याने देणार नाही असं डीडवर, म्हणजे घराच्या खरेदीखतावर, नोंदवायचं, अशा अटी त्यात असू शकतात. तुमच्या गावात अशी तरतूद नसेल, तर माझा सल्ला सरळ आहे : ओटा सोडा, इलेक्ट्रिक किटली ठेवा, आणि खोली पदरात पाडून घ्या. आणि आधी साधी खोली मंजूर करून घेऊन मागाहून गुपचूप गॅस बसवायचा विचार मनात आणू नका. तो घर विकताना तपासणीत निघतो, आणि तेव्हा खरेदीदाराची तारीख ठरलेली असते.

कागद, पैसे आणि शेजारी

मुंबई-पुण्यात मार्जिन कमी पडलं की आर्किटेक्ट सवलतीचा प्रस्ताव महापालिका आयुक्तांकडे नेतो, प्रीमियम भरला जातो, आणि निर्णय फाइलवर होतो. शेजाऱ्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. इथे पैसे भरून तीन फूट विकत मिळत नाहीत, आणि शेजाऱ्याला अंधारात ठेवून तर काहीच होत नाही. झोनिंग बोर्ड ऑफ अ‍ॅडजस्टमेंट हे गावातल्याच नागरिकांचं बोर्ड असतं, सात सदस्य आणि काही राखीव. ते अर्धन्यायिक काम करतं. म्हणून एखादा सदस्य मंदिरात किंवा मुलांच्या सॉकरला भेटला, तरी अर्जाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. तुम्ही सहज बोललात तरी त्या सदस्याला बाजूला व्हावं लागेल, आणि मंजुरीही पुढे अडचणीत येईल. १५,००० किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावात हे काम प्लॅनिंग बोर्डही करू शकतं.

अर्जासोबत सर्व्हे, आर्किटेक्टचे नकाशे, फोटो, नामंजुरीचं पत्र, कर थकलेला नसल्याचा दाखला असा गठ्ठा जातो. अर्जाच्या फीशिवाय एस्क्रो म्हणून रक्कम ठेवावी लागते. बोर्डाचे वकील, इंजिनिअर, प्लॅनर तुमचे कागद तपासायला जो वेळ देतात त्याचे पैसे त्यातून कापले जातात, आणि रक्कम संपली तर आणखी भरावी लागते. अर्ज अर्धवट असेल तर ही तपासणी पुन्हा पुन्हा होते, म्हणजे ढिलाईचं बिल तुमच्याच नावावर येतं. अर्ज पूर्ण आहे की नाही हे ४५ दिवसांत कळवलं जातं, आणि पूर्ण झाल्यापासून १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तुमच्या संमतीने ही मुदत वाढते.

मग येते सूचना, आणि बरेच अर्ज इथे ठेचकाळतात. तुमच्या लॉटपासून सगळ्या दिशांना २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालमत्तेच्या मालकाला सुनावणीच्या किमान १० दिवस आधी लेखी सूचना पोचवायची, हातात देऊन किंवा सर्टिफाइड पोस्टाने. त्याशिवाय जाहीर सूचनाही द्यावी लागते. मालकांची प्रमाणित यादी टाऊनशिप ऑफिसकडून मिळते. तीच वापरा, स्वतः गुगल मॅप बघून यादी करू नका. पोस्टाच्या पावत्या जपा, त्या सुनावणीत दाखल कराव्या लागतात. सूचनेत एक जरी मालक सुटला किंवा मागणीचं वर्णन चुकलं, तर बोर्डाला प्रकरण ऐकण्याचा अधिकारच उरत नाही. सगळे हॉलमध्ये जमलेले असताना पुढच्या महिन्याची तारीख घेऊन घरी यायचं.

ते सर्टिफाइड पाकीट शेजाऱ्याच्या हातात पडण्याआधी तुम्ही स्वतः त्याच्या दारी जा. मला हे सगळ्या कागदपत्रांइतकंच महत्त्वाचं वाटतं. वकिली भाषेतली ती सूचना वाचून शांत माणूसही बिथरतो. नकाशा घेऊन बसा, भिंत कुठे येणार ते अंगणात दोरी लावून दाखवा, त्याला काय खुपतंय ते ऐका. बहुतेक वेळा मागणी छोटी असते : त्या बाजूला मोठी खिडकी नको, एसीचं युनिट मागे न्या, मध्ये आर्बोरव्हिटीच्या सदाहरित झाडांची रांग लावा. हे नकाशात आधीच घातलं तर सुनावणीत तोच शेजारी तुमच्या बाजूने बोलू शकतो. त्याने मात्र स्वतः यावं. सह्यांचं निवेदन किंवा त्याचं पत्र बहुतेक बोर्डं विचारात घेत नाहीत, कारण कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाही.

सुनावणीची संध्याकाळ

सुनावणी संध्याकाळी, म्युनिसिपल बिल्डिंगमध्ये, सर्वांसमोर. घर तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर वकिलाशिवाय उभं राहता येतं. एलएलसीच्या, म्हणजे कंपनीच्या, नावावर असेल तर वकील लागतोच. सोप्या सी-वन प्रकरणात चांगला आर्किटेक्ट पुरू शकतो. मुद्दा सी-टूचा असेल किंवा शेजारी वकील घेऊन येणार असेल, तर राज्याचा परवाना असलेला प्लॅनर सोबत हवा. साक्ष शपथेवर होते, आणि विरोधकाला तुम्हाला प्रश्न विचारायचा हक्क असतो.

सगळ्यात निर्णायक प्रश्न बहुधा असा येतो : "खोली तीन फूट आत घेतली तर काय बिघडतं?" याला "मग खोली लहान होते" असं उत्तर दिलंत, तर तुम्ही सोयीची गोष्ट सांगितलीत. आर्किटेक्टने नकाशावर बोट ठेवून दाखवलं पाहिजे : लॉट ५० फुटांचा असल्यामुळे घराची रुंदीच इतकी कमी आहे, की भिंत तीन फूट आत घेतली तर किचनची एकमेव मागची खिडकी बुजते, उजवीकडे ड्राइव्हवे असल्याने तिकडे सरकायला वाव नाही, लॉट ७५ फुटांचा असता तर हीच खोली नियमात बसली असती. शेवटचं वाक्य हा सी-वनचा गाभा आहे, ते शपथेवर बोललं गेलंच पाहिजे. दुसरा ठरलेला प्रश्न पाण्याचा. नव्या छपराचं पाणी शेजाऱ्याकडे जाणार नाही, डाउनस्पाउट (छपराचं पाणी खाली आणणारा नळ) मागे वळवलाय किंवा ड्रायवेल (पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) घालतोय, हे तयार ठेवा.

आई-बाबांचा उल्लेख करूच नये का? एका वाक्यात जरूर करा, खोली कशासाठी ते कळावं म्हणून. फक्त त्यावर उभे राहू नका.

बोर्ड काही अटी घालू शकतं : खिडकी उंचावर घ्या, झाडं लावा, ती शेड काढा. सदस्यांचा कल विरुद्ध दिसला, तर मतदानाआधीच नकाशा बदलून आणण्यासाठी पुढची तारीख मागता येते. नकार पदरात घेण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचं, कारण नकार मिळाल्यावर तोच अर्ज जसाच्या तसा पुन्हा आणता येत नाही.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी थोडक्यात : न्यू यॉर्कमध्ये अशा सवलतीसाठी अर्जदाराचा फायदा आणि परिसराचं नुकसान यांचा तोल बघतात, आणि अडचण स्वतः ओढवलेली असली तरी तेवढ्यावर अर्ज फेटाळला जात नाही. कॅलिफोर्नियात लॉटचा आकार, उतार, स्थान अशा खास परिस्थितीवरच भर असतो. पण तिथे आई-बाबांसाठी स्वतंत्र छोटं घर म्हणजे एडीयू बांधायचं असेल, तर राज्याच्या कायद्याने बाजूला आणि मागे ४ फूट सोडले तरी चालतं, आणि व्हेरियन्सची वेळ बहुधा येतच नाही.

मंजुरीनंतर

मतदान झालं की त्याच रात्री काँट्रॅक्टरला फोन लावू नका. निर्णय लेखी रेझोल्यूशनमध्ये उतरतो, त्याला ४५ दिवसांपर्यंत वेळ असतो. मग निर्णयाची जाहीर नोंद प्रसिद्ध होते, आणि तिथपासून ४५ दिवस विरोधकाला सुपीरियर कोर्टात जाता येतं. त्या काळात बांधकाम सुरू केलं तर जोखीम सर्वस्वी तुमची. बांधकामाचं परमिट वेगळं, तेही घ्यायचं. सोसायटीचे नियम असलेल्या वसाहतीत असोसिएशनची परवानगी आणखी वेगळी. बोर्डाने हो म्हटलं म्हणून ते असोसिएशनवर बंधनकारक होत नाही. काही ऑर्डिनन्समध्ये ठरावीक मुदतीत परमिट न घेतल्यास व्हेरियन्स रद्द होतो, ती तारीख रेझोल्यूशन हातात आल्या आल्या बघून ठेवा.

मंजुरी त्या विशिष्ट नकाशाला मिळालेली असते. काम सुरू झाल्यावर "दोन फूट अजून घेऊ का, साहेब, खर्चात फारसा फरक नाही" असं काँट्रॅक्टर म्हणाला, तर नाही म्हणा; त्या दोन फुटांसाठी पुन्हा पहिल्यापासून बोर्डापुढे जावं लागेल. पाया झाल्यावर बरीच गावं भिंती चढवू देण्याआधी पायाचा सर्व्हे मागतात. ७ फूट मंजूर असताना काँक्रीट ६ फूट १० इंचांवर आलं, तर ते फोडायची पाळी येऊ शकते. म्हणून खोदाईच्या आधी सर्व्हेयरला बोलवा, हद्दीच्या खुणा पुन्हा मोजून कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून घ्या, आणि फॉर्म, म्हणजे काँक्रीटचे साचे, लावून झाले की ओतकामाच्या आदल्या दिवशी तेच माप परत घ्यायला लावा.